ठेव मोडायची, तर विचारायचे कोणाला?

राज्याच्या अर्थसंकल्पात खनिजांवर मिळणारे स्वामित्वधन 'करेतर महसूल' या सदराखाली जमा होते. व्याज, निरनिराळी शुल्के आणि दंड यांच्या पंक्तीत ते मांडले जाते. हिशोबाची ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही चुकते आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु शेताचा तुकडा विकून आलेले पैसे कोणताही शेतकरी पिकाचे उत्पन्न म्हणून वहीत लिहीत नाही, कारण पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते आणि विकलेला तुकडा येत नाही. डोंगरातून काढलेल्या लोहखनिजाचे तसेच आहे. ती मागच्यांनी न मोडता आपल्यापर्यंत पोहोचवलेली ठेव आहे आणि खाणकाम म्हणजे ती ठेव मोडणे आहे. ठेव कधीच मोडू नये असे माझे म्हणणे नाही. अडीअडचणीला ती मोडावीच लागते. मात्र जबाबदार घरात ती ज्यांच्या नावावर आहे त्यांना आधी विचारतात, गरजेपुरतीच मोडतात आणि आलेल्या पैशाचे काय केले ते पुढच्या पिढीला सांगता येईल असे वागतात. गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागडच्या डोंगरावर गेल्या काही वर्षांत जे घडत आहे, ते या साध्या व्यवहाराला धरून नाही.

सुरजागड एटापल्ली तालुक्यात आहे. हा माडिया गोंडांचा मुलूख. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड अशा तीनच जमातींची आदिम जमाती म्हणून नोंद आहे. या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेथे यात्रा भरते आणि सुरजागड इलाक्यातील सत्तर गावांची माणसे तिथे जमतात. इलाका ही सरकारी व्यवस्थेतील संज्ञा नव्हे. गावांची ती पारंपरिक पट्टी असून तिचे देव, तिच्या सीमा आणि तिचा न्यायनिवाडा ठरलेला असतो. त्यामुळे सुरजागड म्हणताना कंपनीच्या नकाशावर जो डोंगर असतो आणि इलाक्याच्या मनात जो असतो, ते एकाच जागी उभे असले तरी एक नाहीत.

इथल्या लोखंडाची माहितीही काही नवी नाही. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या युरोपीय तज्ज्ञाने तत्कालीन चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयी अहवाल लिहिला होता. जमशेटजी टाटांनी तो वाचला आणि पोलादाच्या कारखान्याचे त्यांचे पहिले स्वप्न चांद्याभोवतीच रचले गेले. पुढे पाहणीत जुळणी न झाल्याने तो कारखाना पूर्वेकडे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. चांद्याची ती संधी हुकल्याची हळहळ आमच्या भागातील जुन्या माणसांच्या बोलण्यात अधूनमधून येते. मी चंद्रपूरचा आहे आणि १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा होईपर्यंत हा सारा प्रदेश एकाच जिल्ह्यात होता, म्हणून ती हळहळ मला परकी नाही.

आजच्या खाणीचा पट्टा सुमारे ३४८ हेक्टरांचा आहे. तो २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स या खासगी कंपनीला मिळाला आणि त्याची मुदत आता २०५७ पर्यंत आहे. प्रत्यक्ष खोदकाम २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथली पाऊणशे वाहने जाळली आणि काम रखडले, ते २०२१ मध्ये पुन्हा जोरात चालू झाले. त्यानंतरचा वेग मात्र थक्क करणारा आहे. वर्षाला ३० लाख टनांची परवानगी १ कोटी टनांवर गेली आणि २०२५ मध्ये २.६ कोटी टनांच्या विस्तारालाही पर्यावरणीय मंजुरी मिळाली. खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पासाठी ९०० हेक्टरांहून अधिक वनजमीन वळवण्याला केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली असून त्यात लाखाहून अधिक झाडे तोडली जाणार आहेत.

१ कोटी टन म्हणजे नेमके किती, हे आकड्यावरून कळत नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागले तर रोज सुमारे २७ हजार टन होतात. एका ट्रकमध्ये २५ टन माल धरला तर दिवसाला अकराशे भरलेले ट्रक लागतात. म्हणजे रात्रंदिवस, सणवार न पाहता, दर ऐंशी सेकंदांना एक ट्रक, आणि तितकेच रिकामे परतताना. हे मी घरी बसून कागदावर मांडलेले गणित आहे, पण आलापल्ली ते आष्टी या रस्त्याने जो गेला आहे त्याला ते मांडण्याची गरज वाटणार नाही. रस्त्याकडेच्या झाडांची पाने पावसाळा सोडला तर हिरवी दिसत नाहीत. त्यांच्यावर गेरूचा हात फिरवल्यासारखा थर बसलेला असतो आणि पान बोटाने पुसले तर बोट लाल होते. एसटी थांब्यावर उभी असलेली शाळेची मुले ट्रक जवळ आला की न सांगता रस्त्याकडे पाठ करतात. आता खाणीजवळच्या हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत खनिज पाण्यात कालवून नळवाहिनीने नेण्याची सोय झाली आहे आणि तिच्यामुळे रस्त्यावरचा भार हलका होईल. ही सुधारणा मान्य करायलाच हवी. परंतु ट्रकची अडचण सुटली की दुप्पट-तिप्पट खनिज काढण्याचा मार्गही मोकळा होतो, हे त्याच सुधारणेचे दुसरे टोक आहे.

खाणीच्या बाजूने जे बोलले जाते ते मी हलके मानत नाही. गडचिरोलीत सांगण्यासारखा मोठा उद्योग नव्हता. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल, भाताचे एक पीक, आणि ते निघाले की कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात मिरची तोडायला जातात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथे पूल हवा आणि पुलाला पोलाद लागते. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत देशाची पोलादनिर्मितीची क्षमता ३० कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते खनिज कुठून तरी काढावेच लागणार. खाणीमुळे स्थानिक तरुणांना कामे मिळाली आहेत, काही कामगारांना कंपनीने समभागही दिले आहेत, आणि ज्या तरुणाच्या हातात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार पडतो त्याला जंगलाचे महत्त्व शहरात बसून ऐकवण्याचा अधिकार मला नाही. पण कंपनीत हिस्सा मिळणे आणि डोंगरात हिस्सा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कृपेने मिळते आणि बाजाराबरोबर खालीवर होते. दुसरी मुळातच त्यांची होती आणि तिच्याविषयी त्यांना कोणी विचारले नाही.

आता दराकडे पाहू. लोहखनिजावर स्वामित्वधनाचा दर सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के आहे. २०१५ मध्ये खाण कायद्यात सुधारणा झाली तेव्हा प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले आणि जुन्या, लिलावाविना दिलेल्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम त्या प्रतिष्ठानाला द्यावी असे ठरले. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागे राज्याला पंधरा रुपये आणि जिल्ह्याला साडेचार रुपये. हे योग्य की अयोग्य, हे कसे ठरवायचे? त्यासाठी बाजाराचाच दाखला आहे. २०१५ च्या सुधारणेने पुढचे पट्टे लिलावानेच द्यायचे असे बंधन घातले. त्यानुसार २०२० मध्ये ओडिशात मुदत संपलेल्या लोहखाणींचे लिलाव झाले तेव्हा पोलाद कंपन्यांनी अनेक खाणींसाठी सरासरी विक्रीमूल्याच्या ९० ते १०० टक्के आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक रक्कम राज्याला देऊ केली, आणि तीसुद्धा स्वामित्वधनाव्यतिरिक्त. त्यातल्या काही बोली अविचारी होत्या आणि पुढे काहींना त्या झेपल्या नाहीत, हे धरूनही एक गोष्ट उरतेच. कच्च्या लोखंडाला खुल्या स्पर्धेत जी किंमत येते तिच्यापुढे जुन्या पट्ट्यांकडून मिळणारी रक्कम फारच थोडी आहे. सुरजागडचा पट्टा त्या वेळच्या कायद्याने दिला गेला, त्यात बेकायदा काही झाले असे मी म्हणत नाही. परंतु २००७ मधल्या ३० लाख टनांच्या जुन्या कल्पनेवर २.६ कोटी टनांचा विस्तार उभा करताना, 'जुनाच पट्टा, जुनाच दर' हे तत्त्व कायम ठेवणे म्हणजे ठेव मोडायची आणि तीही पडेल भावात.

राज्याच्या हाती आता उपाय आहे. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की स्वामित्वधन हा कर नाही आणि खनिजांच्या हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. स्वामित्वधन हा शब्द मराठीने फार नेमका घडवला आहे: जो स्वामी आहे त्याला मिळणारे धन. मग स्वामी म्हणून महाराष्ट्राने विस्तारित उत्पादनावर वेगळी आकारणी करायला काय हरकत आहे? मुख्य म्हणजे ती रक्कम दरवर्षीच्या खर्चात विरघळू न देता वेगळी राखली पाहिजे. नाही तर पंधराचे पंचवीस रुपये झाले तरी ते मुंबईच्या तिजोरीत जाऊन अनुदानाच्या आणि व्याजाच्या हप्त्यांत संपतील आणि २०५७ मध्ये एटापल्लीला डोंगरही नसेल आणि पैसाही नसेल.

ही भीती काल्पनिक नाही, हे सिद्ध करायला फार दूर जावे लागत नाही. इंद्रावतीच्या पलीकडे, दंतेवाड्यात, बैलाडिलाचा डोंगर आहे. तिथे १९६८ पासून सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी उत्तम प्रतीचे लोहखनिज काढते आहे. ते विशाखापट्टणमला नेऊन जपानला पाठवण्यासाठी घाट फोडून रेल्वेमार्ग टाकला गेला. झारखंडच्या पश्चिम सिंहभूममध्ये नोआमुंडीची खाण तर १९२५ पासून चालू आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातील सर्वांत मागे पडलेल्या जिल्ह्यांची जी यादी 'आकांक्षित जिल्हे' या नावाने केली, तिच्यात दंतेवाडा आहे आणि पश्चिम सिंहभूमही आहे. खाण अजून नीट सुरूही न झालेला गडचिरोली ज्या यादीत होता, त्याच यादीत पन्नास आणि नव्वद वर्षे खाण असलेले जिल्हे होते. खाण आली की जिल्ह्याचे दारिद्र्य जाते असे जे गृहीत धरले जाते, त्याला सरकारी यादीनेच दिलेले हे उत्तर आहे. दंतेवाड्यातून वाहणाऱ्या शंखिनी नदीचे पाणी खाणीच्या गाळाने लाल झाले, ते निराळेच. सुरजागडच्या पायथ्याच्या शेतकऱ्यांनीही पावसाळ्यात वरून उतरलेला लाल गाळ धानाच्या बांध्यांत साचल्याच्या तक्रारी केल्या आहेत, आणि धानाच्या बांधीत गाळ बसला की ती पुन्हा लागवडीला आणायला किती कष्ट पडतात ते धान पिकवणाऱ्यालाच विचारावे.

वेगाचा प्रश्न गोव्याने आपल्यासमोर सर्वांत स्पष्टपणे मांडला आहे. चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली तशी गोव्यातील निर्यात फुगत गेली आणि २०१०-११ मध्ये ती पाच कोटी टनांच्या वर पोहोचली. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोकांनी बँकांची कर्जे काढून ट्रक घेतले, नदीकाठी बार्जचा धंदा वाढला, शेती पडीक पडली आणि विहिरी आटल्या. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने सर्व पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपल्याचे जाहीर करून वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. तरीही राज्याने तेच पट्टे नव्याने वाढवून दिले, म्हणून फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केले आणि काम पुन्हा बंद पडले. या साऱ्यात सर्वाधिक होरपळला तो ट्रकवाला, हप्ते डोक्यावर असलेला. खाणमालकांच्या पेढ्यांनी तोवर आपले कमावून घेतले होते. रोजगाराचे नाव घेऊन वेग वाढवण्याचे समर्थन जे करतात त्यांनी गोव्याचा हा भाग नीट पाहावा. जी खाण पन्नास वर्षे हळूहळू चालते ती दोन पिढ्यांना काम देते. जी पंधरा वर्षांत उरकते ती एका पिढीला काम देऊन तिच्या मुलांना रिकामे सोडते.

गोव्याच्या त्याच २०१४ च्या निकालात एक तरतूद अशी आहे की तिची चर्चा महाराष्ट्रात व्हायला हवी होती आणि झाली नाही. खनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेतील दहा टक्के वाटा 'गोवा लोहखनिज कायमस्वरूपी निधी' म्हणून बाजूला ठेवावा, शाश्वत विकासासाठी आणि पुढच्या पिढ्यांना न्याय मिळावा यासाठी, असा आदेश न्यायालयाने दिला. नॉर्वेने तेलाच्या पैशाचे असेच केले. मुद्दल हलवायचे नाही आणि त्यावरच्या मिळकतीपुरताच खर्च करायचा, ही कल्पना तिथे सरकारी नियमाने रुजली. ती आपल्या घरांत नियमाशिवाय आहे. गडचिरोलीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा आज रस्ते, इमारती, यंत्रसामग्री यांवर खर्च होतो. त्यातली काही कामे गरजेचीही आहेत, पण शाळा आणि दवाखाना हे सरकारचे नित्याचे कर्तव्य आहे. ते डोंगर विकूनच का पार पाडायचे? आणि प्रतिष्ठानाच्या कारभारात जिल्हाधिकारी, लोकप्रतिनिधी, पालकमंत्री यांचाच शब्द अखेरचा ठरतो, तिथे सुरजागड इलाक्याच्या सत्तर गावांचा शब्द कुठे आहे?

खाण संपल्यानंतर काय उरते याबद्दल मी चंद्रपूरचा म्हणून थोडे बोलू शकतो. आमच्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ कोळसा निघतो आहे. लहानपणी गच्चीवर वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी काढताना आई ते आधी झटकायची आणि मग घडी घालायची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातील एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे जमीन हादरताच बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली कित्येक दशकांपूर्वी बंद झालेल्या भूमिगत खाणीची पोकळी होती. ज्यांनी तो कोळसा काढला, ज्यांनी त्यावर गाड्या आणि गिरण्या चालवल्या, त्यांच्यापैकी कोणीही त्या घरात राहत नव्हते. खाणीचा ताळेबंद मांडताना नफ्याची बाजू पहिल्या दिवसापासून भरू लागते आणि नुकसानीची बाजू भरून पुरी व्हायला पन्नास-साठ वर्षे लागतात, तोवर हिशोब मागायला कोणी उरलेले नसते.

तरीही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न संमतीचा आहे, आणि इथे आपल्या कायद्यातच एक विचित्र उलटापालट आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ मध्ये झाला. त्यानुसार गौण खनिजाचा, म्हणजे वाळू, मुरूम, दगड यांचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची शिफारस बंधनकारक आहे. लोहखनिज हे गौण खनिज नसल्याने त्याच्या पट्ट्याला ही अट नाही. ज्या ग्रामसभेला नाल्यातील वाळूच्या ढिगाविषयी विचारलेच पाहिजे, तिला डोंगर नाहीसा करण्याविषयी विचारण्याचे बंधन कायद्यात राहून गेले. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही उणीव बरीचशी भरून काढली होती. सामूहिक वनहक्क, आदिम जमातींच्या अधिवासाचे हक्क त्यात आले, आणि वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घेतलीच पाहिजे असे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. मात्र २०२२ च्या नव्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर, राज्याच्या जबाबदारीवर, असा क्रम करून ठेवला. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने याला लेखी आक्षेप घेतला होता. लग्न ठरवून, पत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्याचा हा प्रकार आहे. तिने नाही म्हटले तरी ऐकायला कोणी मोकळे नसते.

जनसुनावणीचेही तसेच. पर्यावरण आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना सांगते की सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट परिसरात व्हावी. सुरजागडच्या १ कोटी टनांच्या विस्ताराची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये खाणीपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. माडिया बोलणाऱ्या माणसाने, भाताच्या कापणीचे दिवस असताना, मजुरी बुडवून, गाडीभाड्याचे पैसे घालून, पोलीस बंदोबस्तातून आत जाऊन, मराठी-इंग्रजीतील शेकडो पानी अहवालावर दोन-चार मिनिटांत मत मांडावे, अशी ही अपेक्षा. अशा ठिकाणी दुर्गमतेचे आणि सुरक्षेचे कारण पुढे केले जाते. ते कारण काही काळ खरेही होते. माओवाद्यांनी या भागात खबरी ठरवून कितीतरी आदिवासी मारले आणि त्यांच्या बंदुकीने ग्रामसभेचा आवाज जितका दडपला तितका कदाचित कोणीच दडपला नसेल. दुसऱ्या बाजूने, जो कोणी खाणीला शांतपणे विरोध करील त्याला माओवाद्यांचा हस्तक म्हणण्याची सवय प्रशासनाला आणि शहरी वर्तमानपत्रांना लागली. एटापल्ली तालुक्यातील तोडगट्ट्याला २०२३ मध्ये मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत, उन्हाळा, पावसाळा अंगावर घेत लोक नव्या प्रस्तावित खाणींविरुद्ध धरणे धरून बसले होते. गवताच्या झोपड्या घालून, आळीपाळीने स्वयंपाक करून बसलेल्या त्या माणसांचे शेवटी पोलिसांनी आंदोलन उठवले. आठ महिने हत्याराशिवाय बसणाऱ्यांशी बोलणे झाले असते, तर लोकशाहीवरचा विश्वास वाढवण्याची ती फार मोठी संधी होती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि जिल्हा आता जवळपास हिंसामुक्त झाल्याचे सरकार सांगते. याचा मला मनापासून आनंद आहे. पण मग दूरच्या सुनावणीचे कारणही त्याच दिवशी संपले, हे सरकारने मान्य करायला हवे.

आदिवासींना या गुंतागुंतीच्या विषयातले काय कळणार, असे उघडपणे आता कोणी म्हणत नाही, पण धोरणे त्याच समजुतीवर चालतात. मी मे महिन्यात याच जिल्ह्यातील एका गावाच्या तेंदूपत्ता संकलनाच्या जागी दोन संध्याकाळी बसलो आहे. सत्तर पानांचा एक पुडा. पहाटे जंगलातून आणलेली पाने दुपारभर घरात बसून सारी माणसे जुडवतात आणि ऊन उतरले की डोक्यावरून पुडे घेऊन येतात. वाळूवर शंभराच्या ओळी लागतात. ग्रामसभेने नेमलेला मुलगा ओळीतून मधलाच एखादा पुडा उचलून उलगडतो, पाने मोजतो, फाटके पान बाजूला काढतो आणि वहीत नाव, शेकडा, तारीख लिहितो. एका आजीचा पुडा सहासष्ट पानांचा निघाला तेव्हा तिने वाद न घालता ओच्यातून चार पाने काढून त्यात घातली आणि मग मात्र त्याच्याकडून मागच्या दिवसाचा आकडा वाचून घेतला, तो तिच्या बोटांवरच्या हिशोबाशी जुळतो का ते पाहायला. वनखात्याकडून हा व्यवहार आपल्या हाती घेऊन ग्रामसभा स्वतः लिलाव करतात, ठेकेदाराशी करार करतात, पैसे खात्यांत वाटतात. कुठे ठेकेदाराने रक्कम थकवली, कुठे हिशोबावरून भांडणे झाली, हेही खरे आहे. तरी व्यवहार चालू आहे आणि दरवर्षी तो अधिक शहाणपणाने होतो आहे. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर देशातील पहिला सामूहिक वनहक्क मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी नुसती दिली नाही, बांबूच्या विक्रीतून ती व्यवहारात आणून दाखवली. आज जिल्ह्यातील हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. त्यांचे जंगल दरवर्षी पाने देते, मोहफुले देते, बांबू देते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा देते. या संपत्तीचा हिशोब कोणत्याही खाणीच्या अहवालात रुपयांत मांडलेला मला आढळला नाही. तोडल्या जाणाऱ्या झाडांची संख्या आणि पर्यायी लागवडीचे हेक्टर एवढ्यावरच तो थांबतो.

ग्रामसभांना नकाराधिकार दिला तर देशात एकही खाण चालणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण त्यासाठी दिले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानुसार तिथे बारा ग्रामसभा घेतल्या गेल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. पण हा दाखला उलट बाजूने वाचता येतो. न्यायाधीशाच्या देखरेखीखाली, गावातच, त्यांच्या भाषेत विचारणा झाली आणि उत्तर मिळाले. देश बुडाला नाही, ॲल्युमिनियमचे उत्पादनही थांबले नाही, कंपनीने कच्चा माल दुसरीकडून आणला. आणि प्रत्येक ग्रामसभा नकारच देईल हे कशावरून? मिरची तोडायला परमुलखात जावे लागणारी गावे अटी घालून होकारही देतील. इतकेच खोदा, देवाचे शिखर सोडा, नाल्याच्या उगमापासून इतके अंतर ठेवा, पैसा आमच्या नावे कायमच्या निधीत टाका, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा विचारायला या. अशा होकाराला जे मोल आहे ते बंदोबस्तात मिळवलेल्या कोणत्याही मंजुरीला नाही, आणि खाणकंपनीच्या दीर्घ हिताच्या दृष्टीनेही तो अधिक भरवशाचा आहे.

म्हणून २.६ कोटी टनांच्या दिशेने पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी राज्य सरकारने विस्तार आहे तिथे थांबवावा आणि सुरजागड इलाक्यातील सत्तर गावांच्या ग्रामसभा गावागावांत, माडिया भाषेत, उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायिक अधिकाऱ्याच्या उपस्थितीत घ्याव्यात. त्यांच्यापुढे तीन-चारशे पानांचा अहवाल न ठेवता डोंगराची मातीची प्रतिकृती ठेवावी, दहा वर्षांनी आणि तीस वर्षांनी तो कसा दिसेल ते दाखवावे, ठाकूरदेवाच्या यात्रेची वाट त्यातून कुठून जाईल तेही दाखवावे. तारीख ठरवताना धानाची रोवणी, कापणी आणि तेंदूचा हंगाम टाळावा. या सर्वाला सहा महिने लागतील, फार तर वर्ष लागेल. पट्टा २०५७ पर्यंत आहे.